घटस्फोटाचा कायदा : पाड्यावरच्या बहिणीला काय ठाऊक हवे?



घटस्फोट हा विषय मंडळीत सहसा उघडपणे बोलला जात नाही. विवाह टिकावा हीच आपली सर्वांची प्रार्थना असते. पण पाड्यांवर एक गोष्ट वारंवार ऐकू येते. नवरा वीटभट्टीवर गेला, तिकडेच दुसरे घर मांडले आणि गावी निरोप धाडला, "आता तुझा-माझा संबंध नाही." अशा बहिणीचे लग्न कायद्याने मोडले का? तिने आणि लेकरांनी जगायचे कसे? हे नीट ठाऊक नसले की तिचा हक्क बुडतो. म्हणून ही थोडक्यात माहिती.

कोणता कायदा लागू होतो?

महाराष्ट्राचा घटस्फोटाचा वेगळा कायदा नाही. संसदेने केलेले कायदेच येथे चालतात आणि ते बहुतांशी धर्माप्रमाणे वेगळे आहेत. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणून जमातीच्या रूढीने झालेले लग्न रूढीनेच मोडता येते. त्यालाच काडीमोड म्हणतात. मात्र वाद न्यायालयात गेला, तर अशी रूढी जमातीत पूर्वापार आणि सातत्याने चालत आली आहे हे काडीमोड सांगणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. नुसता निरोप म्हणजे काडीमोड नव्हे.

पती-पत्नींपैकी एक जण जरी ख्रिस्ती असला, तरी १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली अर्ज करता येतो. पूर्वी या कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार दाखवणे पुरे होते; पत्नीला मात्र सहसा व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. २००१ च्या दुरुस्तीने हा अन्याय दूर झाला. आता व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षे सोडून जाणे, सात वर्षे ठावठिकाणा नसणे अशी कारणे दोघांनाही सारखीच आहेत. परस्पर संमतीचा मार्गही तेव्हाच खुला झाला. त्यासाठी कायद्यात दोन वर्षे वेगळे राहण्याची अट आहे. अर्ज दिल्यानंतर किमान सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा संमती सांगायची असते.

स्टॅम्पपेपर आणि चर्चचा निर्णय

नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या म्हणजे ख्रिस्ती विवाह संपत नाही. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्द ठरवला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो टिकून राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले आहे. हुकूमनामा कौटुंबिक न्यायालयाचा आणि ते नसेल तेथे जिल्हा न्यायालयाचाच लागतो. त्याआधी ख्रिस्ती व्यक्तीने दुसरे लग्न केले, तर तो गुन्हा ठरतो. म्हणून पाळकांनी पुनर्विवाह लावण्यापूर्वी हुकूमनाम्याची प्रत अवश्य पाहावी.

पोटगी थांबत नाही

पोटगीसाठी घटस्फोट झालाच पाहिजे असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) सर्व धर्मांच्या व जमातींच्या स्त्रियांसाठी आहे. ऐपत असूनही पती सांभाळत नसेल, तर पत्नी स्वतःसाठी आणि लेकरांसाठी मागणी करू शकते. घटस्फोटित स्त्रीलाही पुनर्विवाह होईपर्यंत हा हक्क आहे. पती परगावी असला, तरी ती राहते त्या जिल्ह्यात अर्ज चालतो. मारहाण होत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि घरात राहण्याचा हक्क मागता येतो.

आपण काय करू शकतो?

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून पुष्कळ बहिणी गप्प बसतात. पण स्त्रिया आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्ती यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे; त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. आधार कार्ड, जातीचा दाखला, लेकरांचे जन्मदाखले आणि मंडळीच्या नोंदवहीतील विवाहाचा उतारा सोबत ठेवावा. रूढीने लग्न झाले असेल, तर लग्नाला हजर असलेल्या जाणत्या माणसांची नावे लिहून ठेवावीत.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणीला न्यायालयाची पायरी फार उंच वाटते. तिच्यासोबत तालुक्यापर्यंत जाणे, अर्ज वाचून दाखवणे, तारखेच्या दिवशी तिची लेकरे सांभाळणे, एवढे तर आपल्यापैकी कोणीही करू शकतो. आपल्या मंडळीत अशी कोणी असेल, तर तिला ही माहिती अवश्य वाचून दाखवा.