स्पाइक गार्डच्या आधी
(घरचा आवाज : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात स्पीकर कुठे ठेवायचे, भिंतीपासून किती लांब, हे पाहिलं. आता वळवाचे दिवस आलेत. तेव्हा या आठवड्यात तो आवाज काढणारी यंत्रं शाबूत कशी राहतील ते बघू. वीस-पंचवीस हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर हौसेनं घेणारा माणूस तो लावतो एखाद्या स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात, आणि बोर्डाच्या खोक्यावर ‘स्पाइक गार्ड’ असं छापलेलं दिसलं की निर्धास्त होतो. त्या दोन शब्दांवर मला अजिबात भरवसा ठेवावासा वाटत नाही. हाताशी पैसे थोडेच असतील, तर ते आधी अर्थिंगवर खर्च करा, मग हाय व्होल्टेज तोडणाऱ्या यंत्रावर, आणि उरले तर चांगल्या स्पाइक गार्डवर. या क्रमामागचं कारण आपल्या गल्लीतल्या तारांमध्ये आहे.

डीपीवरून आपल्याकडे तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. बहुतेक घरांना त्यातली एक फेज आणि न्यूट्रल मिळते. या दोन तारांमध्ये २३० व्होल्ट असतात. दोन फेजमध्ये मात्र सुमारे ४०० व्होल्ट. न्यूट्रलचा सांधा गंजून सैल झाला किंवा वादळात ती तार तुटली, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांतून जोडली जातात आणि व्होल्टेजची वाटणी बिघडते. ज्या घरात गिझर आणि इस्त्री चालू आहे तिथले दिवे मंद होतात, आणि ज्या घरात फक्त दोन दिवे आणि तुमचा अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे तिथलं व्होल्टेज ३५०च्या पुढे जाऊ शकतं. पंखा एकाएकी जोरात फिरतो, बल्ब डोळ्यांवर येतो, आणि कुणी उठून मेन स्विचपर्यंत पोहोचेस्तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दुरुस्तीवाले ‘हाय व्होल्टेजनं गेलाय’ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा हेच घडलेलं असतं.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आत काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. हल्लीचे साउंडबार, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर यांमध्ये एसएमपीएस असतो. तो आलेल्या २३० व्होल्टचा आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि तो एका जाडजूड कपॅसिटरमध्ये साठवतो. त्या कपॅसिटरवर ४०० किंवा ४५० व्होल्ट ही मर्यादा छापलेली असते. बाहेर ३५० झाले की आत ४९५ होतात. कपॅसिटरचं डोकं फुगतं, फुटतं, आणि खोलीभर तो ओळखीचा उग्र वास पसरतो. जुने, जड ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅम्प्लिफायर काहीसे चिवट असतात, पण हिशेब त्यांनाही चुकत नाही. आतली पुरवठ्याची रेल ३५ व्होल्टची असेल तर ती ५३वर चढते आणि तिच्यावरचा कपॅसिटर बऱ्याचदा ५० व्होल्टचाच असतो.

अशा वेळी स्पाइक गार्ड उपयोगी पडत नाही, कारण त्याची बनावटच वेगळ्या संकटासाठी आहे. त्याच्या आत एमओव्ही नावाच्या, मुख्यतः झिंक ऑक्साइडच्या चकत्या असतात. धरणाच्या सांडव्यासारखं त्यांचं काम. एरवी बंद, आणि व्होल्टेजची पातळी ठरावीक रेषेवर गेली की जास्तीचा प्रवाह बाजूनं काढून द्यायचा. जवळपास कुठे वीज पडली, मोठी मोटर बंद झाली, तर तारेतून जी उसळी येते ती सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपास टिकते. तेवढा धक्का चकती पचवते. पण न्यूट्रल तुटून ३५० व्होल्ट मिनिटभर येत राहिले, तर ती दर अर्ध्या आवर्तनाला उघडते, तापते आणि काही क्षणांत जळते. चांगल्या बोर्डात तिच्याबरोबर थर्मल फ्यूज असतो, तो तुटतो. स्वस्त बोर्डात प्लास्टिक पेटायची भीती.

म्हणून हाय व्होल्टेज तोडणारं यंत्र हवं. घराच्या एमसीबीच्या पेटीत पट्टीवर बसणारे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर आता बाजारात सहज मिळतात. समोर आकड्यांत व्होल्टेज दिसतं. वरची मर्यादा २६०-२७०, खालची १७०-१८० अशी लावून ठेवायची; त्याबाहेर गेलं की यंत्र पुरवठा तोडतं, आणि सगळं सुरळीत झाल्यावर थोडा वेळ थांबून परत जोडतं. घराच्या मेनइतक्या अँपियरचं यंत्र घ्यावं आणि ते इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावं. हजार-दोन हजारांत टीव्ही, फ्रिज, अ‍ॅम्प्लिफायर, अख्खं घर त्याच्या आड येतं, आणि माझ्या मते ऑडिओच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या महागड्या पॉवर कंडिशनरपेक्षा हा खर्च कितीतरी सार्थकी लागतो. भाड्याच्या घरात पेटीला हात लावता येत नसेल तर सॉकेटमध्ये बसणारं, हाय-लो कट असलेलं यंत्र चालतं. संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८०पर्यंत उतरत असेल, तर मात्र स्टॅबिलायझरच लागेल. घेताना ‘हाय कट आहे का?’ एवढं दुकानदाराला स्पष्ट विचारा, आणि आणल्यावर तो टर्नटेबलपासून लांब ठेवा. त्याच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण पिकअप उचलतो.

अर्थिंगचं म्हणाल तर जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. कधी तिथं न्यूट्रलच जोडून ठेवलेली असते, आणि ते तर जिवावर बेतणारं आहे. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज-न्यूट्रल २३० असेल तर फेज-अर्थही जवळपास तेवढंच दिसलं पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्टच्या आत. घरात गिझर, इस्त्री चालू असताना हा शेवटचा आकडा नेमका शून्य दिसला, तर दोन्ही तारा सॉकेटमागेच जोडल्यात का, हे त्याला उघडून बघायला सांगा. अर्थ धड नसेल तर स्पाइक गार्डमधल्या तीनपैकी दोन चकत्या नुसत्या शोभेच्या राहतात. आणि स्पीकरमधून ‘हम्म्’ असा आवाज येतो म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन कापणारे लोक आहेत, त्यांना कळकळीनं सांगतो, हे करू नका. आत एखादी तार सुटून धातूच्या पेटीला लागली तर ती पेटी कुणाच्या तरी हाताला लागणार आहे. तो आवाज घालवण्याचे सुरक्षित मार्ग आहेत, ते पुढच्या लेखांकात बघू.

आता स्पाइक गार्ड. माहितीतल्या इलेक्ट्रिशियनकडून एखादा बिघडलेला बोर्ड उघडून घ्या आणि आत बघा. बऱ्याच बोर्डांत पितळी पट्ट्या आणि लाल दिव्याचा स्विच यापलीकडे काही सापडत नाही. चांगल्यात नाण्याएवढ्या निळ्या किंवा पिवळ्या चकत्या दिसतात. त्यांच्यावर १४डी४७१ असं काहीसं लिहिलेलं असतं. १४ म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये. ४७१ म्हणजे ४७वर एक शून्य, ४७० व्होल्ट. इतक्या व्होल्टेजला चकती नुकती उघडू लागते. चकती जितकी मोठी तितका धक्का जास्त पचतो, त्यामुळे २० मिलिमीटरची दिसली तर उत्तम. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तीन जागी तीन हव्यात. दुकानात बोर्ड उघडता येत नाही, तिथं खोक्यावर ज्यूल आणि क्लॅम्पिंग व्होल्टेजचे आकडे दिलेत का ते पाहा. आकडे नसतील तर तो साधा एक्स्टेंशन बोर्ड समजा. या चकत्या दर धक्क्याला थोड्या झिजतात, म्हणून ‘प्रोटेक्टेड’ असा स्वतंत्र दिवा असलेला घ्या. स्विचमधला लाल दिवा फक्त लाइट आहे एवढंच सांगतो.

मुलगा किंवा भाची अमेरिकेहून येताना तिकडचा सर्ज प्रोटेक्टर आणते, तो इथं वापरू नका. तिकडचा पुरवठा १२० व्होल्टचा. आतल्या चकत्या त्याच हिशेबानं असतात आणि आपल्या २३०वर लावताक्षणी जळतात.

संकट फक्त विजेच्या तारेतून येतं असंही नाही. गच्चीवरच्या डिशची केबल सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआय टीव्हीत, टीव्हीतून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, अशी तांब्याची अखंड वाट तयार होते. पॉवरची पिन काढली आणि ही केबल तशीच ठेवली तर निम्मंच काम झालं. टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल वापरली तर ती वाट तिथं तुटते, कारण तिच्यातून प्रकाश जातो, करंट नाही. बाकीची सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावावीत, म्हणजे उसळी आली तरी सगळ्यांची अर्थ एकदमच वरखाली होते आणि जोडणीच्या तारांतून करंट धावत नाही.

थेट पडणाऱ्या विजेपुढे मात्र परवडणारं कुठलंच यंत्र टिकत नाही. तिथं प्लग उपसणं हाच उपाय. नुसता खटका बंद करून भागत नाही. त्यातली फट मिलिमीटरमध्ये मोजायची, आणि न्यूट्रल व अर्थ जोडलेल्याच राहतात. ढग भरून आले, लांबवर गडगडू लागलं, की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या. कडकडाट डोक्यावर आलाच असेल तर प्लगला किंवा केबलला हात लावू नका, यंत्रं आहेत तशी राहू द्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. लाइट गेली असेल तर आल्यावरही पाच-दहा मिनिटं थांबा, मग आवाजाचं बटण शून्यावर आणून आधी टीव्ही, प्लेअर वगैरे सुरू करा आणि अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. त्यांच्या सुरू होण्याचा ठोका मग स्पीकरपर्यंत पोहोचत नाही.