परित्याग कोणीं कोणाचा केला?

‘महिनाभर माहेरीं राहूं द्या, मग न्यावयास येऊं,’ असें सांगून सुनेस पाठवावयाचें, आणि पुढें पत्राचें उत्तरहि द्यावयाचें नाहीं, ही रीत वाचकांच्या ऐकिवांत असेलच. वर्ष लोटलें कीं तीच मंडळी म्हणूं लागतात, ‘ती घर सोडून गेली!’ कायदा मात्र याहून खोल पाहतो.

पति परदेशीं गेला असतां स्त्रीनें धर्मकार्यासाठीं आठ, विद्या वा कीर्तीसाठीं सहा व कामासाठीं तीन वर्षें वाट पाहावी, असें मनूनें सांगितलें. नंतर काय करावें, तें सांगितलें नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें तें सांगितलें. अर्जापूर्वीं सलग दोन वर्षें परित्याग झाला असल्यास दहाव्या कलमान्वयें न्यायिक फारकत मागतां येते. तिनें विवाह मोडत नाहीं, एकत्र राहण्याचें बंधन तेवढें सुटतें. १९७६ च्या दुरुस्तीपासून हेंच कारण घटस्फोटासहि पुरतें.

परंतु दूर राहणें म्हणजे परित्याग नव्हे. सहवास कायमचा संपविण्याचा निश्चय मनांत हवा. शिवाय जाण्यास सबळ कारण किंवा दुसऱ्याची संमति नसावी. १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याखालीं एका पतीनें पत्नी चार वर्षें माहेरीं राहिली म्हणून घटस्फोट मागितला. पहिल्या न्यायाधीशांनीं तो दिला. अपिलांत मुख्य न्यायमूर्ति छागला व न्यायमूर्ति भगवती यांनीं तो फिरविला, व १९५६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अपिलाचाच निकाल कायम केला. कारण तिला परत पाठविण्याची गोष्ट निघतांच ‘पाठवूं नका’ अशी तार पतीनेंच केली होती. ज्यानें दार लावून घेतलें, त्यानें ‘ती आली नाहीं’ म्हणून तक्रार कशी करावी?

आमच्या देवपुरांत एका शेजाऱ्यांनीं मुलीविषयीं आमचा सल्ला विचारला होता. ‘स्वाभिमान धरा, पत्रें लिहूं नका,’ असें आम्हीं मोठ्या तोऱ्यानें सांगितलें. तीन वर्षांनीं जांवयाचा अर्ज आला: पत्नीनें आपला त्याग केला! मुलगी परत जावयास तयार होती, हें दाखविण्यास घरांत कागदाचा कपटाहि नव्हता; एका वृद्ध शेजारणीच्या साक्षीवर सर्व भिस्त ठेवावी लागली. तो सल्ला आम्हांस आजहि सलतो.

म्हणून आतां आम्ही उलट सांगतों. ‘मुलगी येण्यास तयार आहे, केव्हां नेतां?’ असें स्पष्ट लिहावें, पत्र नोंदणीनें धाडावें, नक्कल व पोंचपावती जपून ठेवावी. तेथें छळ होत असेल, तर ‘तयार आहे’ असें खोटें न लिहितां, न येण्याचें कारण लिहावें. अर्जासाठीं सासरच्या गांवींच गेलें पाहिजे असेंहि नाहीं. २००३ च्या दुरुस्तीनें पत्नीला स्वतः राहते तेथील न्यायालयांत अर्ज करतां येतो. देवपुरच्या लेकीला पांझरा ओलांडून धुळ्याच्या न्यायालयांत जावें लागेल, इतकेंच.