घटस्फोटाआधी हे माहीत असू द्या

(हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नांसाठी)

● परस्परसंमती : कलम १३-ब नुसार अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते (सर्वोच्च न्यायालय, २०१७).

● पोटगी : पती किंवा पत्नी, कोणीही मागू शकते; कलम २४ खाली दाव्यादरम्यान, २५ खाली कायमची. 'रजनेश विरुद्ध नेहा' (२०२०) या निकालानुसार दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. पगारपत्रके, प्राप्तिकर विवरणपत्रे, बँकेचे उतारे आधीच जमवा.

● मालमत्ता : स्त्रीधनावर हक्क पत्नीचाच. नवऱ्याच्या नावावरच्या घरात मात्र आपोआप निम्मा वाटा मिळत नाही; गृहकर्जाचे हप्ते भरले असतील तर पुरावे जपा. गोव्याचा नागरी कायदा वेगळा आहे. तिथे समाईक मालमत्तेच्या पद्धतीने लग्न झाले असेल, तर दोघांचा वाटा निम्मा-निम्मा.

● मुलांचा ताबा : पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे राहते. अंतिम कसोटी मात्र एकच, मुलाचे हित. परिस्थिती बदलल्यास आदेशही बदलता येतो. शाळेची फी, औषधपाणी, सुट्ट्या आणि भेटीचे दिवस संमतिपत्रात स्पष्ट लिहून घ्या; मोघम शब्दांची किंमत मुलांना मोजावी लागते.

● मोफत वकील : स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.