नाशिकचे द्राक्षमळे आणि यवतमाळचा शेतकरी

शनिवार-रविवारास जोडून सोमवारची सुट्टी आली, की नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता मुंबई-पुण्याच्या मोटारींनी गजबजून जातो. यांतील बहुतेक पाहुणे धरणासाठी आलेले नसतात. ते वायनरी पाहावयास व तेथील वाइन घोट-घोट चाखून पाहावयास येतात. चाखण्याचेही ते पैसे मोजतात. नुसती चव दाखविण्याबद्दल मोल मिळावे असा दुसरा शेतीमाल आपल्याकडे क्वचितच आढळेल. कापसाची गाडी घेऊन बाजार समितीच्या दारात रात्र काढणाऱ्या यवतमाळच्या शेतकऱ्यास हा व्यवहार नवलाचा वाटणे साहजिक आहे. त्यातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे समजण्यासाठी तीन दिवस खर्ची घालणे वावगे ठरणार नाही.

यवतमाळहून धामणगाव गाठावे व तेथून रात्रीच्या गाडीने नाशिक रोडला उतरावे, हा मार्ग सोयीचा होय. जाणे ते जानेवारी ते मार्च या काळातच. द्राक्षे वेलीवर असताना व गाळप चालू असताना जे दिसते, ते पावसाळ्यात दिसत नाही.

पहिला दिवस गंगापूरच्या परिसरासाठी ठेवावा. येथील सुला या कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली व २००५ साली तिने पाहुण्यांसाठी चाखण्याची खोली उघडली. यॉर्क ही वायनरी २००६ पासूनची असून सोमा नावाचा मळाही याच भागात आहे. कोठेही गेल्यावर पेल्याकडे धाव घेण्यापूर्वी वेलींत फिरून यावे. खाण्याच्या द्राक्षांचा मांडव डोक्यावर असतो. वाइनच्या द्राक्षांचे वेल बहुधा तारांवर उभे चढविलेले असतात. घड लहान, मणी बारीक, साल जाड व आत बिया. एप्रिलमधील खरडछाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणी दोन्हीकडे आहेच. परंतु वाइनच्या बागेत उत्पन्न मुद्दाम मर्यादित ठेवण्यात येते, कारण वेलीवर भार अधिक झाल्यास रसात गोडी व वास उतरत नाही. काढणीचा दिवस रसातील साखर मोजून ठरवितात. ती साधारण २२ ते २४ ब्रिक्स झाली, की पहाटेच्या गारव्यात घड उतरविले जातात.

पुढील क्रिया समजण्यास कठीण नाही. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस वेगळा काढतात व तो पोलादी टाक्यांत थंड ठेवून आंबवितात; लाल वाइनसाठी रस सालींसह आंबवितात, म्हणून तीस रंग व तुरटपणा येतो. किण्व साखर खाते आणि तिचे मद्यार्क व वायू होतात. एक लिटर वाइनला सुमारे दीड किलो द्राक्षे लागतात, हे ध्यानी ठेवले म्हणजे बाटलीच्या किंमतीतून शेतकऱ्याकडे किती येते याचा हिशेब मांडता येतो.

आता चाखण्याविषयी. पेल्यात दोन-तीन घोटांइतकीच वाइन ओततात. पेला पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरून प्रथम रंग पाहावा. मग पेला देठाशी धरून हलकेच घोळवावा व नाक आत नेऊन वास घ्यावा. शेतकऱ्याचे नाक येथे शहरी पाहुण्याच्या नाकाहून सरस ठरते. कापलेले गवत, पिकलेला पेरू, मिरी, ओली माती हे वास त्याने रोज घेतलेले असतात, पाहुण्याने ते पुस्तकात वाचलेले असतात. नंतर लहानसा घोट जिभेवर चोहोकडे फिरवावा. आंबटपणा जिभेस लागतो, तुरटपणा हिरड्यांना. घोट गिळलाच पाहिजे असे नाही. थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते व जाणकार लोक त्याचाच उपयोग करतात. न पिणाऱ्या माणसास रंग व वास यांवरूनही पुष्कळ कळते. वाहन चालविणाऱ्याने मात्र चाखण्याच्या भानगडीत पडू नये. क्रम पांढऱ्याकडून लालकडे, कोरड्याकडून गोडाकडे असावा व मध्ये पाणी प्यावे. शिरक्याचा उग्र वास आला तर वाइन आंबून बिघडली असे समजावे. गोठ्यासारखा वास आला तर पिंपांत नको ते किण्व शिरले असण्याचा संभव असतो.

खरी तुलना हवी असेल, तर सर्व ठिकाणी एकच जात मागावी. शेनिन ब्लाँक आज येथे, उद्या तेथे. शिराझ आज येथे, उद्या तेथे. आणि प्रत्येक वेळी वहीत दोन ओळी लिहाव्यात. दहा जाती एका दमात चाखणारास संध्याकाळी एकही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी इगतपुरी तालुक्यातील सांजेगाव गाठावे. तेथे ग्रोव्हर झांपा व व्हॅलोने या दोन वायनऱ्या जवळजवळ आहेत. माती तीच, पाऊस तोच, तरी पेल्यातील चव निराळी लागते. तो फरक छाटणीचा, काढणीच्या दिवसाचा व टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा. मोठ्या वायनरीत व्यवस्था चोख असते, पण सुट्टीच्या गर्दीत प्रश्न विचारण्यास उसंत मिळत नाही. लहान वायनरीत वाइन बनविणाराच कधी समोर येऊन बोलतो. शिकावयाचे असेल, तर लहान जागी अधिक वेळ द्यावा.

तिसरा दिवस निफाड तालुक्यासाठी. विंचूर येथे महामंडळाने वाइन उद्यान वसविले आहे. पण त्याहून महत्त्वाची भेट आसपासच्या बागायतदारांची. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, त्यानंतर अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढील हंगामांत कित्येकांची द्राक्षे उचलली गेली नाहीत, कित्येकांचे पैसे अडकले. बारीक व बियांची ही द्राक्षे खाण्याच्या बाजारात कोणी घेत नाही. अनेकांनी वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. ही हकीकत चाखण्याच्या खोलीत कोणी सांगत नाही. ती बांधावरच ऐकावी. खरेदीचा करार किती वर्षांचा होता, भाव साखरेवर ठरला होता की वजनावर, माल न उचलल्यास भरपाई काय, हे तीन प्रश्न प्रत्येकास विचारावेत.

परत येताना हे वेल आपल्याकडे लावावेत काय, असा प्रश्न गाडीतच निघेल. यवतमाळची भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, द्राक्षास निचऱ्याची जमीन लागते. काढणीच्या ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचे भय असते. २०१४ साली विदर्भ-मराठवाड्यात काय झाले, ते विसरण्याजोगे नाही. तारा, खांब, ठिबक व औषधे यांचा भार कर्जाखाली असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याने जवळ वायनरी नसताना उचलू नये, असेच ग्रामसेवकाने स्पष्ट सांगावे. शिवाय ज्या जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूबंदीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि ज्याच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेथे मद्याच्या धंद्याची शिफारस करताना शंभरदा विचार करावा लागतो.

मात्र चव पाहण्याची रीत येथे आणता येते, आणि तीस परवाना लागत नाही. घाटंजी, केळापूर, झरी-जामणी या भागांत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. मोहफुले गोळा करणे, साठविणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध २०२१ साली शासनाने उठविले. विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा मात्र आजही आहे. कोणत्या झाडाचे फूल गोड, हे वेचणाऱ्या गोंड व कोलाम स्त्रियांना पाठ असते. व्यापारी मात्र सर्व फुले एकाच भावाने पोत्यात भरतो. येत्या हंगामात ग्रामसेवकाने एका गावी चार झाडे निवडावीत. दोहोंखाली जाळी बांधावी, दोहोंखालील फुले नेहमीप्रमाणे जमिनीवरून वेचावीत. प्रत्येक झाडाची फुले वेगळी वाळवून वेगळ्या डब्यात ठेवावीत. मग मूठ-मूठ फुले सारख्याच पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी पांढऱ्या वाट्यांत गाळून, त्या स्त्रियांसमोर व तालुक्याच्या व्यापाऱ्यासमोर मांडावीत. वाटीवर झाडाचे नाव लिहू नये, केवळ आकडा घालावा.