जिंकलो, पण...

१९ मार्च २०२५ ची रात्र. आमच्या सापगावच्या घरात मुलगा आणि त्याचे सहा-सात मित्र टीव्हीला चिकटून बसले होते. शिलाँगला भारत आणि मालदीव यांच्यात फुटबॉलचा सामना चालू होता. मी आत पोह्यांसाठी कांदा चिरत होते. मधेच तीनदा ओरडा ऐकू आला, म्हणजे तीन गोल झाले असणार. सामना संपला तशी मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन हौसेनं बाहेर आले आणि बघते तर काय, सगळ्यांची तोंडं एवढीएवढीशी!

"अरे, हरलो का?"

"नाही आई, ३-० नं जिंकलो."

"मग ही सुतकी तोंडं कशाला?"

यावर सगळे एकदम बोलायला लागले. त्यातून मला जे समजलं ते असं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला हरवल्यानंतर आपला संघ एकही सामना जिंकला नव्हता. २०२४ चं अख्खं वर्ष कोरडं गेलं. समोर मालदीवसारखा चिमुकला देश असूनही खेळता खेळता गोल काही होईना. मुंबईच्या राहुल भेकेचा गोल कॉर्नरवर डोक्यानं, गोव्याच्या लिस्टन कोलासोचाही तसाच. आणि तिसरा गोल कुणी करावा? सुनील छेत्रीनं! वय वर्षं चाळीस. २०२४ च्या जूनमध्ये निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा बोलावून आणलेलं.

"म्हणजे काकी, घरात चार तरणीताठी पोरं असताना आजोबांना विहिरीवर पाठवायचं, आणि पाणी आलं म्हणून आपणच टाळ्या वाजवायच्या," मुलाचा एक मित्र म्हणाला. मला हसू आलं, पण मुद्दा कळला.

खरं सांगायचं तर ही कुरकुर मला नवी नाही. माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही तालमींची आणि मंडळांची नावं. कुस्तीच्या आखाड्यातून आलेली ही नावं तिथं फुटबॉलच्या संघांना लागतात. सामना असला की शाहू स्टेडियमकडे माणसांची रीघ लागते. आमचे आबा त्यातलेच एक. पेठेचा संघ हरला तर ते गप्प जेवून झोपायचे. पण संघ वाईट खेळून जिंकला तर मात्र घरादाराची झोप उडायची!

"जिकली रं, पर ख्योळ कुठं हुता? गोलकीपर हुता म्हणून वाचली!" असं म्हणत चप्पल काढायचे, ते भाकरीचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत तेच. आई म्हणायची, "अहो, जिंकलेत ना?" आबांचं उत्तर ठरलेलं, "आज जिकली. म्होरल्या आठवड्यात काय करतील?"

आबांची ही बडबड मला तेव्हा निव्वळ खोड वाटायची. आता वाटतं, माणूस खेळ बघत होता, आम्ही फक्त आकडा बघत होतो. शिलाँगच्या सामन्यानंतर पोरं कुरकुरली तीही काही उगाच नव्हती. सहाच दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशशी ०-० अशी बरोबरी झाली. जूनमध्ये हाँगकाँगकडून हरलो. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात, मडगावला, सिंगापूरकडून १-२ अशी हार झाल्यावर २०२७ च्या आशिया चषकाचं दारच बंद झालं. ३-० च्या रात्री पडलेली तोंडं आठवली आणि पोह्यांच्या ताटल्या नाचवत आलेल्या माझं मलाच हसू आलं.

पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट पुढेच आहे.

माझी पुतणी दहावीत. शाळेच्या मुलींच्या संघात गोलकीपर आहे. आमच्या भागात मुली कबड्डी खेळतात. फुटबॉल म्हटलं की अजूनही "हे काय नवीन?" असं होतं. २०१७ साली नवी मुंबईला सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक व्हायचा होता. त्याआधी १५ सप्टेंबरला सरकारनं 'मिशन वन मिलियन' म्हणून राज्यभरातल्या शाळांत मुलांना फुटबॉल खेळायला लावलं. तेव्हा ती पहिली-दुसरीत असेल. त्या दिवशी तिच्या पायाला जो चेंडू लागला तो लागलाच. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात भावांबरोबर दोन दगड मांडून खेळायची. मुलगी म्हणून तिला दगडांमध्ये उभी करायचे. त्यातूनच ती गोलकीपर झाली.

२०२५ च्या जुलैमध्ये आपल्या महिला संघानं थायलंडमध्ये जाऊन थायलंडलाच २-१ नं हरवलं आणि आशिया चषक गाठला. पात्रता फेरी जिंकून तिथं पोचण्याची आपली ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पुतणी आनंदानं सांगत आली. या विजयावर आमच्या घरात कुणी नाक मुरडलं नाही. कारण कुणी तो सामना पाहिलाच नव्हता! मीसुद्धा नाही. शिलाँगच्या रात्री पोहे करणारी मी, त्या दिवशी काय करत होते तेही आठवत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा शालेय स्पर्धेतला सामना झाला. भर पावसात, चिखलात. मुली १-० नं जिंकल्या. घरातलं कुणीच गेलं नव्हतं. लावणीचे दिवस, कोण जाणार? संध्याकाळी मैत्रिणीनं मोबाईलवर काढलेलं चित्रण तिनं कौतुकानं वडिलांना दाखवलं. माझे दीर तसे मायाळू, पण शेतावरून दमून आलेले. दोन मिनिटं बघून म्हणाले, "हे काय खेळणं झालं? नुसत्या चिखलात घसरताय. एकच गोल?"

ती काही बोलली नाही. बूट धुवायला घेतले होते ते तसेच मोरीत ठेवले. रात्री जाऊबाई हळूच मला म्हणाल्या, "पोरगी पुढच्या मॅचला जात नाही म्हणते."

मला वाईट वाटलं, कारण बोल ओळखीचा होता. चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं करावा आणि पंगतीतून उठता उठता कुणी "आमटीत मीठ जरा..." म्हणावं, तसला. पण मग आबांचं काय? तेही असंच बोलायचे की! त्यांच्या पेठेतली पोरं त्यांच्यावर कधी रुसली नाहीत. उलट "आबा, आज काय चुकलं?" असं विचारत आमच्या कट्ट्यावर येऊन बसायची.

उत्तर माझ्या मुलाकडून मिळालं. जून २०१८ ला मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर भारतानं चिनी तैपेईला ५-० नं हरवलं. छेत्रीचेच तीन गोल. बघायला माणसं होती अवघी २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं हात जोडून लोकांना विनंती केली, की आमच्यावर टीका करा, ओरडा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. पुढचा सामना केनियाशी होता. धो धो पाऊस पडत होता, तरी मैदान गच्च भरलं. माझा भाऊ कोल्हापूरहून आला होता, तो भाच्याला आसनगावहून लोकल पकडून घेऊन गेला. दोघं रात्री उशिरा चिंब भिजून परत आले, आणि ३-० नं जिंकूनही भाऊराया बचावाला नावं ठेवत होते. आबांचाच लेक!

दुसऱ्या दिवशी जेवताना मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, पोरीला बोलायचं असेल तर खुशाल बोला. पण एकदा मैदानावर जाऊन बोला." ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. जाऊबाईंनी ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "एक दिवस लावणी मी बघते."

गेले. मीही गेले. पुतणीला मात्र "नुसतं बघायला चल" म्हणून सकाळी उठवावं लागलं. गेली ती बूट पिशवीत घालूनच.

सामना कसा झाला म्हणाल, तर रडतखडत. वेळ संपेपर्यंत दोन्हीकडे शून्य. शेवटी पेनल्टीवर आमच्या मुली जिंकल्या. पुतणीनं दोन अडवल्या. दिरांना ऑफसाइड कळत नाही, तरी पंचांवर सगळ्यात जास्त तेच ओरडले. मी मागून शर्ट ओढून त्यांना खाली बसवत होते.

परतताना शहापूरला वडापाव खायला थांबलो, तिथून तोंड सुरू झालं. "ती उजवीकडची पोरगी चेंडू आला की डोळे का मिटते? आणि तू ग, गोल सोडून एवढी पुढं कशाला पळत होतीस?"

"पप्पा, पुढं यावं लागतं. कोन कमी होतो."

"कोन गेला खड्ड्यात. मागं कोण होतं?"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं!"

"न कळायला काय झालं? समोर उभा होतो मी दीड तास."

भातसा नदीचा पूल आला तरी दोघांचं चालूच होतं. घरी आल्यावर तिनं हातमोजे वाळत घातले. दिरांनी ते उचलून उजेडात धरले आणि म्हणाले, "उसवलेत अंगठ्यापाशी. म्हणून तो दुसरा निसटत होता."