चांगला हेडफोन कमी आवाजात ओळखावा

परभणीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावले, तर पुस्तकात मान घातलेल्या मुलामुलींपैकी काहींच्या कानांवर मोठे हेडफोन दिसतात. बाहेर ऑटोचे हॉर्न, लग्नसराईत बँड आणि डीजे, आत डोक्यावर घरघरणारा पंखा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला शांतता हवी असते आणि ती तो दुकानातून विकत आणतो. रात्री देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला निघालेल्या प्रवाशांचेही तेच.

दुकानात गेले की प्रश्न पडतो. दोन हजारांचा घ्यावा की पंचवीस हजारांचा? दुकानदार दोन्ही कानांवर चढवून दाखवतो, गिऱ्हाईक मान डोलावते आणि बहुतेक वेळा महागड्याकडे बोट दाखवते. ही तुलना खरोखर आवाजाची होते का, हे पाहिले तर पैसे वाचतात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कान वाचतात.

बंद वाटीचा हेडफोन म्हणजे काय?

कानाभोवती बसणाऱ्या हेडफोनचे दोन प्रकार असतात. एकाच्या वाटीला मागून जाळी असते. त्यातून हवा खेळते, आवाज मोकळा वाटतो. पण आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. दुसऱ्याची वाटी मागून पूर्ण बंद असते. यालाच क्लोज्ड-बॅक म्हणतात. बाहेरचा गोंगाट अडवणे हा त्याचा मोठा गुण. मात्र बंद वाटीत मागच्या बाजूला गेलेला आवाज भिंतींवर आपटून परत येतो. बनावट चांगली नसेल, तर घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमारा येतो. हा घुमारा आवरणे हेच उत्तम बंद हेडफोन बनवणाऱ्याचे कसब.

काही हेडफोन याच्या पुढे जातात. त्यांच्यातले छोटे मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या उलट लहर तयार करून तो खोडतात. अमर बोस या अभियंत्याला 1978 मध्ये विमानप्रवासात ही कल्पना सुचली आणि 1989 मध्ये वैमानिकांसाठी तसे हेडसेट बाजारात आले. हे तंत्र रेल्वेच्या किंवा पंख्याच्या एकसुरी घरघरीवर उत्तम चालते. माणसाचे बोलणे आणि हॉर्नचा कर्कश आवाज यांच्यावर कमी. ते आवाज अडवण्याचे काम वाटी आणि तिची गादीच करते.

जो मोठा वाजतो तो जिंकतो

दोन हेडफोनची तुलना करताना सर्वांत मोठी फसगत इथे होते. फोन तोच, गाणे तेच, फोनवरचा आवाजही तेवढाच ठेवला, तरी दोन हेडफोन कानापर्यंत सारखा आवाज पोहोचवत नाहीत. एखादा थोडा जोरात वाजतो. हा फरक एक-दोन डेसिबलचाच असेल, तर तो ‘मोठा आवाज’ म्हणून लक्षात येत नाही. ‘हा जास्त स्वच्छ आहे, भरदार आहे’ असे वाटते.

याचे कारण कानाच्या रचनेत आहे. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जाचे स्वर प्रत्यक्षापेक्षा दुबळे ऐकू येतात. आवाज वाढवला की ते वर येतात आणि संगीत एकदम भरल्यासारखे वाटते. त्यामुळे दुकानात मोठ्याने वाजणारा हेडफोन पहिल्या मिनिटातच बाजी मारतो. घरी आल्यावरही तो भरदारपणा हवाच असतो, म्हणून माणूस तेवढ्याच मोठ्याने ऐकत राहतो.

किमतीचे काय? येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्जापासून तारस्वरांपर्यंत आवाजाचा समतोल कसा आहे, एवढेच त्यात पाहिले होते. या समतोलाचा आणि किमतीचा संबंध जवळपास आढळला नाही. महाग हेडफोनची गादी मऊ असेल, तो जास्त वर्षे टिकेल, गोंगाट चांगला खोडेल. पण किंमत जास्त म्हणून आवाज चांगला, असे समीकरण नाही.

ऐकणारा कानही तपासा

खोक्यावर ‘40,000 हर्ट्झपर्यंत’ असे छापलेले असते. माणसाचा तरुण, निरोगी कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. पन्नाशीत अनेकांना 12,000 हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. खोक्यावरच्या त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सूक्ष्म केस असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. पहिला फटका बहुधा 4,000 हर्ट्झच्या आसपास बसतो. स, श, फ यांसारखी व्यंजने ओळखायला हाच वरचा पट्टा लागतो. म्हणून अशा माणसाची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसते. ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ असे तो सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल अशी आहे. मुलांसाठी ती तेवढ्याच वेळाला 75 डेसिबल. आवाज तीन डेसिबलने वाढला की ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे 83 डेसिबलला 20 तास, 86 ला 10 तास. 90 डेसिबलला आठवड्यात जेमतेम चार तास उरतात आणि 100 डेसिबलला वीसच मिनिटे. रोज सहा-सात तास हेडफोन लावून अभ्यास करणाऱ्याने हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा.

बंद हेडफोनचा खरा उपयोग इथे आहे. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज वाढवतो. गोंगाट वाटीनेच अडवला, तर तेच गाणे किंवा व्याख्यान बऱ्याच कमी आवाजात स्पष्ट ऐकू येते. महाग हेडफोनचे पैसे याच कामी आले तर वसूल झाले समजावे.

पारख कशी करावी?

आवडीचे, शंभरदा ऐकलेले गाणे सोबत न्या. टाळ-पखवाजाचा अभंग यासाठी फार चांगला. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या अंगाचा खर्ज घुमारा न होता ऐकू यावा, टाळेची किणकिण कानाला टोचू नये आणि गायकाचे शब्द या दोन्हींच्या मधून सुटे उमटावेत.

आधी एखाद्या निवेदकाचा नुसता बोलण्याचा आवाज लावून दोन्ही हेडफोन सारखे करून घ्या. जो मोठा वाजतो त्याचा आवाज कमी करा. मग डोळे मिटा आणि सोबत्याला आलटूनपालटून हेडफोन चढवायला सांगा. किंमत आणि नाव कळले की कान त्यांच्याच बाजूने कौल देतो.

त्यानंतर आवाज आणखी कमी करा. दुकानातला पंखा चालू असताना, रस्त्याचा गलका येत असताना कमीत कमी किती आवाजात शब्द कळतात, ते पाहा. जो सर्वांत हळू आवाजात काम भागवतो, तो तुमच्यासाठी चांगला.

चष्मा असेल तर तो लावूनच पाहा. चष्म्याच्या काडीमुळे गादीखाली फट राहिली, की खर्ज गळून जातो, गोंगाट आत येतो आणि हात आवाज वाढवायला जातो. किमान वीस मिनिटे घालून बसा. कान दुखू लागले तर तो हेडफोन नको.

आपल्याकडची काळजी

मे महिन्यात परभणीचा पारा 42 अंशांच्या पुढे जातो. बंद वाटीखाली घाम साचतो आणि दमट कानात बुरशी धरते. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे करा, गादी कोरड्या कापडाने पुसा, दुसऱ्याचा हेडफोन वापरू नका. कानात खाज, ओल किंवा दुखणे असेल तर हेडफोन बंद ठेवा. कानात तेल घालू नका.

सोयाबीनच्या मळणीवर किंवा ट्रॅक्टरवर काही तरुण गाण्यांचे हेडफोन लावून काम करतात. यंत्राच्या आवाजावर मात करण्यासाठी ते गाणे आणखी मोठे करतात, म्हणजे कानावर दुहेरी भार. तिथे गाण्याविना, आवाज अडवणारे साधे कानाचे बोळे किंवा इअरमफ हवेत. रस्ता आणि रेल्वेरूळ ओलांडताना तर हेडफोन गळ्यातही नको, पिशवीत हवा.

हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा आवाज दबल्यासारखे वाटत असेल, तर त्या दिवशी मर्यादा ओलांडली गेली. दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तर कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी करून घ्यावी. तिथे कानांवर चढवतात तोही हेडफोनच असतो. उजवीकडे लाल, डावीकडे निळा. त्यात कानाला जेमतेम ऐकू येईल इतका हळू स्वर सोडून कान किती शाबूत आहे ते मोजतात.

आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून आठवडाभर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या आजारात उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले, तर ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता जास्त असते.