जुनी विंडोजही राहील, नवी सिस्टीमही चालेल. एकाच संगणकात दोन्हींची सोय कशी करायची?

वर्धा : लग्नपत्रिकेची जुनी फाइल उघडावी आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसावा, हा अनुभव डीटीपीवाल्यांना नवा नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर असाच दिसतो. म्हणूनच वर्धा शहर असो की त्याला लागून असलेले बोरगाव मेघे, अशा फाइल्स जपून ठेवणारा माणूस जुनी विंडोज काढायला धजावत नाही.

अडचण कुठे?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मुदतवाढीची नोंदणी न केलेल्या संगणकांना सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. अनेक जुने संगणक या अटींत बसत नाहीत. अशा वेळी हार्ड डिस्कचे भाग पाडून जुन्या विंडोजशेजारी लिनक्स टाकता येते.

पार्टिशन म्हणजे काय?

एकाच वावरात धुरा घालून इकडे कपाशी, तिकडे तूर घ्यावी, तसाच हा प्रकार. मात्र धुरा सरकवल्याने वावर वाढत नाही. नव्या सिस्टीमला दिलेली जागा जुनीतूनच कमी होते. संगणक सुरू करताना यादी येते, त्यातून एक निवडायची. एका वेळी एकच सिस्टीम चालते.

कसे करायचे?

१. सर्व फाइल्स व फॉन्टची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या.
२. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा.
३. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. लिनक्स मिंटला किमान २० जीबी लागतात, १०० जीबी दिल्यास उत्तम.
४. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा आणि विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करण्याचा पर्याय निवडा. पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय चुकूनही निवडू नका.

काम सुरू असताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. त्यामुळे डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप चार्जरला लावूनच सुरुवात करा.

हे विसरू नका

बँक, ई-मेल, ऑनलाइन अर्ज ही कामे नव्या सिस्टीमवरच करा. जुनी विंडोज फक्त जुन्या फाइल्ससाठी ठेवा आणि तिचे इंटरनेट बंद ठेवा. पुढे लिनक्स नको झाले तरी त्याचा भाग थेट पुसू नका. आधी विंडोजचे बूट नीट करून घ्या, नाहीतर संगणक सुरूच होणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पार्टिशन हा बॅकअप नव्हे. डिस्क एकच असते. ती बिघडली तर धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचे पीक जाते. वर्षानुवर्षांचे काम वाचते ते बाहेर ठेवलेल्या प्रतीमुळेच.